देगुईकाकांची पेटीची झाडं

आमच्याकडे, दक्षिण चीनच्या डोंगरांत, साठी उलटली की माणूस स्वतःच्या शवपेटीसाठी झाडं राखतो. यात अशुभ काही नाही. उलट पेटी जितकी जाड फळ्यांची, तितका म्हाताऱ्याचा रुबाब. देगुईकाकांनी उतारावरच्या आपल्या शानमूच्या, म्हणजे देवदारासारख्या सरळसोट झाडांच्या, राईत कडेची झाडं राखली होती. खाली सुईसारखा पाला पडला रे पडला, की काका खराटा घेऊन हजर. घरात इकडची काडी तिकडे करायचे नाहीत, पण जंगल कसं लख्ख!

मुलगा परगावी कारखान्यात, म्हणून घर आणि राई सून शिउलान बघायची. तिने उरलेल्या राईत हुआंगजिंग लावलं. आल्यासारखा गाठाळ कंद, औषधवाले घेतात आणि सावलीतच फोफावतो. झालं, काकांच्या अंगाचा तिळपापड! एका ताटात दोघं जेवले तर एक उपाशी उठणारच, असं माझ्याकडे चहाला येऊन रोज सांगायचे. मी शेजारीण, ऐकणं माझ्या नशिबी.

शेवटी सुनेलाच म्हणाले, "तुझे कंद माती खाणार आणि मला पातळ फळ्यांत कोंबणार तुम्ही. पाऊस ठिबकेल माझ्यावर."

"मामंजी, तुमच्या झाडांना मी हात लावत नाही. तुम्ही माझ्या पाल्याला लावू नका."

तशी राईत हद्द पडली. इकडे खराटा चालू, तिकडे दर हिवाळ्यात हुआंगजिंगची पानं गळून शानमूच्या पाल्यात मिसळायची, कुजायची. काही वर्षं अशीच गेली.

यंदा अधिक महिना आला. पेटी करायची ती अशाच वर्षी, म्हणजे आयुष्य वाढतं म्हणतात. सुतार आला, काकांच्या झाडांना दोरी लावून घेर बघितला आणि तोंड वाकडं केलं. पायाखाली जमीन विटेसारखी टणक. मग तो हद्द ओलांडून गेला, तर पाय मऊ मातीत रुतला. झाडं एकाच दिवशी लावलेली, पण तिकडची चांगलीच दांडगी. मला हसू आवरेना, काय करू!

शिउलान मात्र हसली नाही. माझ्या बाजूचं हवं ते झाड तोडा, म्हणाली. काका खाली बसले. तिकडची मूठभर काळी माती घेऊन चुरली, हुंगली. मग सुताराला चहा पाजून परत पाठवलं.

"शिउलान, थोडं बेणं दे मला. माझ्या झाडांखाली लावतो."

तिचा चेहरा पडला. काकांचं वय ऐंशीच्या पुढं. हळूच म्हणाली, "मामंजी, कंद तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात."

"मग लागू देत की. मला कुठं जायचंय?"