धनाजीरावांच्या चिठ्ठीतलं मीठ

पहिल्या भेटीत धनाजीरावांनी मला हात हलवत परत पाठवलं, आणि मी रावपुऱ्याच्या भर रस्त्यात त्यांच्या नावानं बोटं मोडली. त्यांचा जन्म बडोद्यातला, पस्तीस वर्षं रेल्वेत फिटर, आणि निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत शोभेचे मासे विकायचे. म्हणजे खरं तर विकायचे नाहीतच. टाकी केवढी, पाणी कुठलं, आधीचे मासे कसे मेले, नुसती उलटतपासणी. घरचं पाणी आणून दाखवा म्हणाले, मग बघू.

मला घाई होती. मिरजेहून बडोद्यात, मांजलपूरला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंचं शेवटचं आजारपण माझ्या सासऱ्यांनी, बापूंनी, एकहाती काढलं. त्या गेल्या आणि बापूंनी मनात धरलं की आपल्या हातात काही जगत नाही. दिवसभर गप्प बसून असायचे. म्हणून मी दोन फुटी टाकी आणली, दुसऱ्या एका दुकानातून पिवळे-निळे आफ्रिकन मासे आणले आणि त्यांना खाऊ घालायचं काम बापूंना दिलं. पंधरा दिवसांत त्या दांडगटांनी एकमेकांना कुरतडून निकाल लावला. बापूंनी खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ केली.

दुसऱ्या खेपेला सोसायटीच्या बोअरचं पाणी बाटलीतून नेलं. धनाजीराव खूश झाले. "सरस पाणी आहे, बेन. तुमच्या तोट्या पांढऱ्या करतं ना, तेच यांना हवं." मग नीट समजावलं. पिवळे-निळे मोठ्या टाकीतले, प्रत्येकाला आपला इलाका लागतो. दोन फुटांसाठी आफ्रिकेतल्याच दुसऱ्या तळ्यातले, बोटाच्या दोन पेरांएवढे, गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहणारे मासे बरे. "सहा न्या, एकाच जातीचे. बारा शंख, खाली वाळू. सोबतीला आणखी कुणी नको, कितीही देखणं असलं तरी." आणि गुजरातीत छापलेली चिठ्ठी हातात ठेवली.

घरी मोठ्या ऐटीत ती वाचली. पहिलीच ओळ: मीठुं पाणी. शेजारच्या निरुपमाबेननी मला स्वयंपाकघरापुरतं गुजराती पक्कं शिकवलं होतं. मीठुं म्हणजे मीठ. घातलं की मी अर्धं पाकीट, आणि सोडले मासे.

तासाभरात ते वर येऊन धापा टाकायला लागले. बापूंनी नुकतंच चिमूटभर खाणं घातलं होतं. ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मी आत जाऊन धनाजीरावांना फोन लावला.

"पाण्यात काय घातलंत?"

"तुम्ही लिहिलंय तसं मीठ."

"बेन, पाण्याला मीठुं म्हटलं की गोडं, म्हणजे बिनमिठाचं पाणी. आलोच मी."

बाहेर येऊन बापूंना सांगायला जीभ रेटेना. लाज, दुसरं काय.

वीस मिनिटांत धनाजीराव स्कूटरवर चांगल्या पाण्याचे दोन कॅन लादून हजर. भर दुपारी, जेवणावरून उठून. फरशीवर बसून दोन तास ते नळीनं थोडं पाणी काढत होते, थोडं घालत होते. एकदम बदललं तर उरलेलेही जातील म्हणाले. दोन मासे गेले, चार तगले.

"माझ्याच हातानं झालं," बापू म्हणाले. "खाणं जास्त पडलं."

धनाजीरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही हो बापू. चूक माझ्या चिठ्ठीची. आम्ही जन्मापासून दोन्ही भाषा बोलतो, नव्या माणसाला ही ओळ कशी लागेल हे मला सुचलंच नाही."

माझं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी. कुणी माझ्यासाठी एवढं मोठं मन दाखवलेलं मला आठवत नाही. त्यांचे उपकार मी आजही मानते. त्यांनी झाकलं म्हणूनच मला बोलायचं बळ आलं.

"बापू, मीठ मी घातलं. अर्धं पाकीट. तुमच्या खाण्यानं काही झालं नाही."

बापूंनी मान वर केली. "अर्धं पाकीट? आणि आमटीत घालताना तुझा हात आखडतो होय गं?"

धनाजीराव आधी हसले, मग बापू. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच. हसू ओसरल्यावर त्यांनी खुर्ची टाकीजवळ ओढली आणि धनाजीरावांना विचारलं, "या चौघांना उद्या सकाळी मी किती घालू?"