दादाचा बूट आणि माझा ब्रेक

माझ्या थोरल्या भावाला सासुरवाडीला जाता यावं म्हणून मी जी मोटरसायकल तयार केली, ती जाण्याच्या बाबतीत अगदी निर्दोष होती. थांबण्याच्या बाबतीत तेवढी जराशी अडचण होती.

गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची. आम्ही चिंचवड गावठाणात राहायचो. मी पिंपरीच्या एका कारखान्यात नुकताच फिटर म्हणून लागलो होतो, त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला विचारल्याशिवाय चालत नाही असा माझा ठाम समज होता. दादा खडकीला एका कचेरीत कारकून. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय लुळा पडलेला, म्हणून सायकलसुद्धा त्याच्या नशिबात नव्हती. लग्नाच्या बैठकीत रावेतच्या तात्यांनी, म्हणजे वहिनीच्या वडिलांनी, चारचौघांत विचारलं होतं, "समदं ठीक हाय, पन जावई माज्या दारात सवताच्या जिवावर येनार कसा?" लग्न झालं, चार वर्षं झाली. दादा दर सणाला तात्यांनीच धाडलेल्या बैलगाडीतून रावेतला जायचा आणि परत आला की दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. त्याचं ते गप्प बसणं मला बघवत नव्हतं.

म्हणून मी लष्कराच्या लिलावातली एक थकलेली मोटरसायकल आणली. तिचा हातातला ब्रेक कधीच निकामी झालेला; गिअर उजव्या पायाला, पण पायातला ब्रेक डाव्या पायाला. मी ठरवलं, दोन्ही उजव्याच पायाला आणायचे. कासारवाडीच्या उस्मानभाईंच्या वर्कशॉपात बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापली, तापवली, ठोकली, आणि पाय घसरू नये म्हणून तिची एक कडी केली. कडीत पाऊल घालायचं, पुढे सरकवलं की बोटांखाली ब्रेक, आणि मागे टाचेखाली गिअर. कडी दादाच्या पावलाला अशी चपखल बसली की मी स्वतःवरच खूश झालो. (दोन दिवस मी कारखान्यात साहेबासारखा चालत होतो.)

उस्मानभाई तेवढं म्हणाले, "फिटरसाहेब, एकदा बूट घालून बघा की राव."

पण बूट घालायचा कसा? आईचा हुकूम होता, दसऱ्याची पूजा होईपर्यंत गाडीला पायताण लागता कामा नये. त्यामुळे महिनाभर आमचा सगळा सराव अनवाणी. दादा मैदानात अनवाणी गाडी चालवायचा, अनवाणी थांबवायचा, आणि लहान मुलासारखा हसायचा. मी उस्मानभाईंना सांगितलं की मापं कशी घ्यायची ते आम्हाला कारखान्यात शिकवतात. ते हातोडी उचलून कामाला लागले.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली, झेंडूचा हार चढला. वहिनी आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. दादानं सासुरवाडीसाठी खास घेतलेले जाड तळाचे नवे बूट चढवले. उजवा बूट कडीत जाईना, तेव्हा मी हातानं दाबून बसवला (हो, मीच) आणि मागे बसलो. निघालो.

वाल्हेकरवाडीवरून रावेतला जाणाऱ्या त्या बैलवाटेवर थांबावं लागेल असं त्या काळी काही नव्हतंच. त्यामुळे अडचण कळली ती थेट रावेतच्या वेशीत. दादा शांतपणे म्हणाला, "अरे, पाय पुढे जात नाही."

"मग मागे घे."

"मागेही येत नाही."

बूट कडीत अर्ध्यावर पाचरीसारखा अडकला होता आणि ब्रेक बोटभर पुढे राहिला होता. दादानं जीव खाऊन पाय दाबला. पाय कुठला दबतोय, टाच तेवढी दबली. टाचेखाली गिअर. गाडी आणखी जोरात सुटली. मी ओरडलो, "दाब!" त्यानं पुन्हा दाबला आणि आणखी वरचा गिअर पडला. तात्यांच्या घरासमोर देवळाचं पटांगण होतं. दारात तात्या, वहिनी, अर्धा गाव. आम्ही सगळ्यांना नमस्कार करून (दादानं मान लववली, तशातही!) देवळाला वळसा घालून पुढे गेलो. पुन्हा आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला मी मागून दादाच्या मांडीवर पालथा पडलो, एका हातानं त्याचा पट्टा धरला आणि दुसऱ्यानं बुटाची नाडी सोडली. पाय बाहेर आला, बूट कडीतच राहिला आणि अनवाणी पाऊल ब्रेकवर पडलं. गाडी तात्यांच्या उंबऱ्याला टेकून थांबली.

एका पायात बूट, एक पाय उघडा, असा दादा खाली उतरला. मी मनात म्हटलं, संपलं, आता जन्मभर बैलगाडी.

तात्या पुढे आले. डोळे भरलेले. गावाकडे वळून म्हणाले, "बगितलं का? गाडी आनली, ती आदी देवाला. पायतान काढून, तीन फेऱ्या घालून मंग माज्या दारात आला. सवताच्या जिवावर."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. तात्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या उघड्या पायावर पाणी घातलं, तेव्हा मात्र मलाही रडू आवरेना. पुढे त्या गाडीवर दादा कायम उजवा बूट काढूनच बसला. कडी मोठी करून देतो म्हणालो, तर हात लावू देईना.

जेवताना वहिनी माझ्या पानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, ती हाताची मूठ पिळली की गाडी पळते ना?"

"हो."

"मग ती सोडून दिली असती तर?"

मी दादाकडे पाहिलं. दादा श्रीखंडाकडे पाहत होता. आमच्या घरात यंत्रातलं कळणारं माणूस एकच होतं, आणि ते पुऱ्या वाढत होतं. फिटर फक्त खात होता.