भाईर चालतंय

लग्न ठरतानाच सांगितलं होतं: सासऱ्यांच्या गळ्यात माळ आहे, या घरात मटण चालत नाही, सुनेनं सोडायचं. सोडलं. सासरे गेले, नियम काही गेला नाही. नवऱ्याच्या गळ्यात माळ नाही, पण आईसमोर तोही अगदी गरीब गाय.

वळसंगच्या शाळेतून सोलापूरला परतताना एका संध्याकाळी माझी स्कूटी पंक्चर झाली. रस्त्याकडेला पत्र्याचं पंक्चरचं दुकान, आणि त्याच्या मागून असा वास आला की माझं डोकंच फिरलं. दुकानातले चाचा म्हणाले, "टैम लगता, बाजी. पिछे बैठो, मेरा भाई सीक भूनता."

मागं गेले. बाभळीच्या निखाऱ्यांवर सळईला थापलेला खिमा, चरबी ठिबकत होती. आणि बाकड्यावर, दोन मित्रांसोबत, माझा नवरा! सकाळी म्हणाला होता, ऑफिसात मीटिंग आहे, उशीर होईल.

"तू हितं कशी?" वर तोंड करून मलाच विचारतोय!

"पंक्चर. तुमची मीटिंग झाली का?"

मित्र प्लेटीत बघायला लागले. तो उठून कानाशी आला. "आईला सांगू नको. बाप्या माणसाचं भाईर चालतंय गं."

मस्तकात तिडीक गेली. त्याचीच प्लेट ओढली नि उभ्यानं खाल्लं. कडेला करपलेलं, आत मऊ, वर लिंबू. इतकं चांगलं आमच्या माहेरीही कधी झालं नव्हतं. इतकी वर्षं मी हे कुणासाठी सोडलं होतं? रडू आलं, ते गिळलं आणि आणखी एक प्लेट मागितली.

दोघं घरी आल्या आल्या मी सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "पंक्चरच्या दुकानामागं एक जण भाजतो, तिथं आम्ही दोघांनी मटण खाल्लं. हे तर नेहमीच खातात." म्हटलं, काढू देत मला घराबाहेर.

त्या मुलाकडं वळल्या. "नेहमी?"

"भाईर, आई. घरात कधी आणलं का?"

"मुडद्या! म्हायेरी नातेपुत्याला बापाच्या ताटातलं उचलून खायची मी. हितं आले अन् सोडलं. तुझा बाप गेला तरी शिवले न्हाई. अन् तुझं भाईर चालतंय व्हय? चल, हो भाईर!"

तो चपला आपटत निघून गेला. आता माझी पाळी. मी पदर खोचून तयारच होते.

त्या जवळ आल्या. माझ्याकडं न बघता, रागानंच म्हणाल्या,

"कलेजी भाजतो का गं त्यो?"