अर्धी दाढी

कॉलेजात तिला सगळे मुकादम म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हे. फिल्म विभागात कुणाचंही शूटिंग असलं की टेम्पो ठरवणं, परवानग्या काढणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शिव्या खाणं तिच्या गळ्यात. तिची स्वतःची पटकथा मात्र दरवेळी बाजूला पडे. अखेर सरांनी शब्द दिला. हे शूटिंग वेळेत पार पाडलंस तर पुढच्या सत्रात कॅमेरा तुझा, आणि विभागाच्या रिवाजाप्रमाणे तुझ्या शूटिंगची व्यवस्था तो बघेल.

तो म्हणजे दिग्दर्शक. वर्गातलाच मुलगा, पण पहिल्या वर्षापासून स्वतःला तेवढंच म्हणवून घेणारा. दोघांमधून विस्तव जात नसे.

फिल्म होती एका दाढीवाल्या माणसाची. शेवटच्या सीनमध्ये तो सलूनमध्ये जाऊन दाढी उतरवतो. सलून हवं म्हटल्यावर सगळ्यांच्या माना मुकादमकडे वळल्या, कारण तिच्या वडिलांचं सलून होतं. वडिलांना तिचं हे शिक्षणच मान्य नव्हतं. घरात बापलेकीचं बोलणं आईमार्फत चाले. मीठ दे म्हणावं तिला. ताटाशेजारीच आहे म्हणावं त्यांना. आईनंच मध्ये पडून दुकान मिळवून दिलं. अटी दोन : सोमवारी, सुट्टीच्या दिवशीच यायचं, आणि वस्तऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

नटाची दाढी खरी होती. नकली दाढी कॅमेऱ्यात जवळून नकलीच दिसते. शूटिंग एका सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत होतं. मुकादमने सलून अर्थातच शेवटी ठेवलं होतं.

मग दिग्दर्शकाला कळलं की पहिल्या दिवशी सर बघायला येणार. आपला सगळ्यात भारी सीन त्यांच्यासमोर व्हावा म्हणून त्यानं मुकादमच्या वडिलांना परस्पर फोन लावला आणि सलून पहिल्या सोमवारी घेतलं. मुकादमला हे कळलं आदल्या संध्याकाळी, सगळे जमलेले असताना. ती बोलायला उठली तर त्यानं तिला पुरतं बोलूच दिलं नाही.

"सीन मी बघतो. तू टेम्पो आणि चहा बघ."

हशा पिकला. दाढीचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

सोमवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यानं त्यानं आपापलं बघावं, अशी या मंडळींची रीत. कॅमेरावाला फोकस बघत होता, आवाजवाला वस्तऱ्याची खरखर नीट येते का ते ऐकत होता, दिग्दर्शक सरांचा चेहरा बघत होता. सर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते. उरलेल्या आठवड्याचा विचार कुणाच्याच खात्यात नव्हता. दिग्दर्शकानं ॲक्शन म्हटलं तरी वडील हलले नाहीत. गिऱ्हाईक बसलं की मी आपणहूनच सुरू करतो, मला सांगावं लागत नाही, असं आरशाला ऐकवून त्यांनी सावकाश फेस लावला.

मुकादम दारात उभी होती. एक शब्द पुरला असता. पण आता याची चांगली जिरेल, हा विचार आधी आला आणि गोड लागला. याच्याबरोबर आपलाही कॅमेरा बुडेल, हा विचार मागून आला. तो येईपर्यंत डावा गाल गुळगुळीत झाला होता.

"बाबा, थांबा."

वस्तरा थांबला. कित्येक महिन्यांत ती त्यांच्याशी थेट बोलली नव्हती. चालू टेकमध्ये तोंड घातलं म्हणून दिग्दर्शक तिच्या अंगावर धावून आला.

"उद्यापासूनचे सगळे सीन दाढीचे आहेत," ती म्हणाली.

सर छताच्या पंख्याकडे बघू लागले. नट आरशाकडे. वडील तेवढे तिच्याकडे.

"माझ्या खुर्चीतून आजवर कुणी अर्धवट उठलेलं नाही."

"आज उठेल," ती म्हणाली.

पुढचा सगळा आठवडा नटाला उजवीकडूनच टिपलं. कुठे टेबल फिरवावं लागलं, कुठे पलंग. मुकादमने सगळी मांडणी नव्यानं केली. दिग्दर्शक तिच्याशी बोलेना. निरोप कॅमेरावाल्यामार्फत येत. तिला त्याची घरचीच सवय होती. नट गालाला रुमाल बांधून हिंडे आणि विचारणाऱ्याला दाढ दुखते म्हणून सांगे. दुकान पुन्हा मागायला कुणाची छाती नव्हती. पण शनिवारी वडिलांनीच आईला सांगितलं, त्या अर्ध्याला सोमवारी घेऊन ये म्हणावं. सोमवारी त्यांनी उजवा गाल केला, फडकं झटकलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

फिल्म दाखवली तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, माणूस सतत एकाच बाजूनं का दिसतो? दिग्दर्शक म्हणाला की माणसाची एक बाजू त्याला स्वतःलाही दिसत नसते. परीक्षक भारावले. सर पुन्हा पंख्याकडे बघत होते. मुकादम गप्प राहिली, कारण शूटिंग वेळेत झालं होतं आणि सरांचा शब्द तिनं पक्का लक्षात ठेवला होता.

नव्या सत्रात दिग्दर्शक तिच्यासमोर येऊन उभा राहिला. सुरुवात कुठून करू, असं त्यानं तोंड वाकडं करून विचारलं.

"सलूनपासून. माझ्या पटकथेतही सलून आहे. बाबांना जाऊन विचार."

"ते मला दारात उभं करणार नाहीत. तूच बोल ना घरी."

"सीन मी बघते," ती म्हणाली. "तू टेम्पो आणि चहा बघ."