साहेबाच्या आधी

मी डोंगराकडच्या एका तालुक्याच्या लोकलबोर्डाचा मेंबर आहे हे ऐकून कल्याणातली आमची आळी आदराने मान डोलवी. आळीने तो तालुका पाहिला नव्हता म्हणून. डोंगराच्या पायथ्याशी तुटक तुटक पाडे. एका पाड्यावरून हाक घातली तर दुसऱ्या पाड्याआधी ती वानरांनाच ऐकू जायची. जी काही माणसे होती तीही दिवाळी सरली की गवत कापायला नाहीतर मिठागरांवर निघून जात. मागे उरायचे साग, म्हातारी माणसे आणि आमचे बोर्ड. तिथे माझी वडिलार्जित दोन खाचरे होती, तेवढ्या पुण्याईवर सरकारने मला लोकांचा प्रतिनिधी नेमले. कोणत्या लोकांचा, ते मी विचारले नाही आणि सरकारनेही सांगितले नाही.

सभा मामलेदारांच्या कचेरीत भरे. मामलेदार बोलत आणि आम्ही पागोटी हलवत असू. एक मेंबर येताना उशी घेऊन येत. इतका दूरदर्शी माणूस त्या बोर्डात दुसरा नव्हता.

त्या हिवाळ्यात वर्दी आली, की ठाण्याचा कलेक्टरसाहेब शिकारीसाठी वरच्या रानात तळ देऊन मग कसब्यात उतरणार. बोर्डाला एकाएकी रस्ता आठवला. नदीच्या उतारापासून कसब्याच्या वेशीपर्यंत मुरूम पडला, चोपणीने चोपला गेला. रस्ता असा सुरेख झाला की तो कोणी वापरेल या धास्तीने मामलेदारांची झोप उडाली. सभा बोलावून ठराव झाला: साहेब येऊन जाईपर्यंत रस्त्यावर गाडी घालू नये. ठराव एकमताने झाला. दुसरे मत आणायचे कुठून? रस्त्याच्या तोंडावर काटेरी फांद्या टाकून शिपाई बसवला.

माझी लेक नदीपलीकडच्या गावात दिलेली. तिला सातवा लागला होता आणि मी तिला बाळंतपणासाठी कल्याणास आणत होतो. आदल्या वर्षी तिचा एक गर्भ गाडीच्या धक्क्यांनी गेला होता. या वेळी सुईणीने मला उंबऱ्यावर अडवून बजावले होते, की धक्का बसला तर पोर हाती लागणार नाही. मी तिला ऐटीत सांगितले, की आता आमच्या बोर्डाचा रस्ता झाला आहे.

नदी ओलांडून वर आलो तर पुढे काटे.

"गारी न्यायची नाय," शिपाई म्हणाला.

"अरे, मी बोर्डाचा मेंबर आहे."

"मंग हुकूम तुमचाच हाय ना, रावसाहेब? तुमी तरी पाला."

लेकीने गाडीच्या छपराखालून डोके बाहेर काढले. "बाबा, हाच का तुमचा रस्ता?"

"हो."

"छान आहे हो. बघायला."

दुसरी वाट नाल्यातली, सगळी गोट्यांची. मी शिपायापुढे कायदा काढला, मग अजिजी काढली. तो विडी ओढत राहिला. शेवटी कीव येऊन म्हणाला, "मान्सांना बंदी नाय. गारीला हाय."

लेक खाली उतरली. "गाडी जाऊ दे नाल्यातून. मी चालते."

रिकामी गाडी खाली गोट्यांवर आदळत चालली. वर आम्ही दोघे त्या गुळगुळीत रस्त्यावरून. ती एक हात कमरेवर ठेवून चालत होती, दुसऱ्या हाताने माझे उपरणे धरले होते. दर थोड्या वेळाने थांबायची. मी विचारले, दुखतंय का? ती म्हणाली, "तुम्ही बोलू नका, बाबा. चला."

वेशीजवळ पानाफुलांची कमान होती. खाली वाजंत्रीवाले सकाळपासून साहेबाची वाट पाहत पेंगत बसलेले. बंद रस्त्यावरून कोणीतरी येताना पाहून ते दचकून उठले आणि त्यांनी सनई-चौघडा सुरू केला. माझी लेक त्या गजरात कमानीखालून आली आणि समोर मांडलेल्या मखमली खुर्चीवर सरळ बसली.

मामलेदार पागोटे सावरत धावत आले. "अहो, ही खुर्ची साहेबांची आहे."

"साहेबांना सातवा आहे का?" ती म्हणाली. "पाणी द्या कोणीतरी."

सनईवाल्याला हसू आले आणि सूर फाटला. मामलेदारांनी माझ्याकडे पाहिले, मी कमानीची फुले पाहू लागलो. कोणीतरी साहेबासाठी आणलेले शहाळे तिच्या हातात दिले. गाडी नाल्यातून वर येईपर्यंत ती उठली नाही, आणि तिला उठवायला ठराव कोणाला सुचला नाही. साहेब सावजामागे लागून भलत्याच वाटेने उतरला आणि टिटवाळ्याला आगगाडीत बसून ठाण्याला गेला.

होळीनंतर नात झाली, पुऱ्या दिवसांची, आवाजाने खणखणीत. आमची मंडळी शेजारणींना साखर वाटत सांगत होती, "यांच्या बोर्डाने रस्ता केला, म्हणून पोर सुखरूप आली हो."

मी ओसरीवर बसून पागोटे हलवले. आत बाजेवर लेक इतकी हसली, की सुईण तिच्यावर खेकसली, अगं, हसू नकोस, ओली बाळंतीण आहेस.