वकीलसाहेबांची हिरवळ

वकीलसाहेब चालता चालता मध्येच वाकायचे आणि गवतावरून तळहात फिरवायचे, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग तसेच वाकून, सोबत असेल त्याच्याकडे वर बघत विचारायचे, "डोळ्याला थंड वाटतं की नाही?" समोरचा हो म्हणेपर्यंत उठायचे नाहीत.

आमचं गाव तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले आणि साहेबांच्या मागोमाग नांदेड रस्त्याला गोल्फचं मैदान आलं. हैदराबादेत शिकत असताना वकीलसाहेब हा खेळ शिकले होते, म्हणून क्लबचे सेक्रेटरी तेच. माळावरचे दगड वेचून घ्यायला ते भर उन्हात डोक्याला पंचा बांधून उभे राहिले. गावात कुणाला गोल्फ म्हणता येईना. लोक म्हणत, साहेबाचं कुरण. वकीलसाहेबांना राग नव्हता. "म्हणू द्या. शिकतील तसल्लीनं."

खेळात ते सुमारच होते. त्यांचा चेंडू हमखास बाभळीत जायचा, आणि तो शोधायच्या निमित्तानं ते गवत बघत हिंडायचे. मी नगरपालिकेत कारकून. खेळातलं मला काही कळत नसे, पण संध्याकाळी त्यांची हाक आली की मी जायचो. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याचा छंद आपल्याला नको असतो, त्याची सोबत हवी असते.

मग दुष्काळ पडला. गाव टँकरवर आलं. मैदानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, बौद्ध वस्ती होती. तिथं टँकर सगळ्यांत शेवटी पोचायचा, कधी पोचायचाच नाही. मैदानाला मात्र क्लबची स्वतःची विहीर होती. सगळा मुलूख करपलेला आणि मधोमध तेवढं हिरवं.

त्याच उन्हाळ्यात पुण्याच्या एका जाहिरात कंपनीचा अर्ज आमच्या पालिकेकडे आला. मैदानाच्या कडेनं, रस्त्याकडे तोंड करून, जाहिरातीच्या उंच पाट्यांची रांग उभी करायची होती. भाडं मिळणार म्हणून क्लबातल्या बाकीच्यांना ते पसंत होतं. हरकत घेतली ती एकट्या वकीलसाहेबांनी. पालिकेनं सुनावणी ठेवली आणि वस्तीतल्या लोकांनाही बोलावलं.

वकीलसाहेब इस्त्रीचा कोट घालून आले. छान बोलले. पाट्यांनी वाहनवाल्यांचं लक्ष उडतं, वाऱ्यात त्या पडतात, हे सगळं झालं. मग त्यांचा आवाज हळवा झाला. "अध्यक्षसाहेब, आज पन्नास कोसात हिरवं पान नाही. या रस्त्यानं जाणाऱ्या गरिबाच्या डोळ्याला तेवढाच थंडावा आहे. तो झाकू नका."

त्यांना ते मनापासून वाटत होतं. मी टिपणं घेत होतो, मलाही पटलं.

मागून एक बाई उठली. कौसाबाई, वस्तीतली, मजुरी करणारी. अध्यक्ष म्हणाले, "बोला बाई. तुमचीही हरकत आहे ना?"

"न्हाई साहेब. लावा पाट्या. उंच लावा."

कुणीतरी हसलं.

"आमची गाय हाय," ती म्हणाली. "रस्त्यानं नेताना हिरवं दिसलं की पाय रोवून हुभी ऱ्हाती. वढून वढून माजे हात सोलले. मारावं तर मारवत न्हाई. तिला काय सांगू, ते आपलं न्हाई म्हनून? दिसलंच न्हाई तर गुमान चालंल तरी."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखरच पाट्या हव्या होत्या. अध्यक्ष टेबलावरचा कागद सरळ करत बसले. मी मान वर केली नाही.

"वकीलसाहेब, तुमचं यावर म्हणणं?"

आयुष्य कोर्टात बोलण्यात गेलेला तो माणूस. ते उभे राहिले, खुर्चीची पाठ धरून. "माझी हरकत नाही," म्हणाले. "लावा." आणि बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लबात विषय काढला, विहिरीचं पाणी वस्तीला द्या. उत्तर आलं, "एकदा दिलं की हक्क लागतो, वकीलसाहेब. तुम्हीच सांगता ना?" ते खरंच तसं सांगत आले होते. त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. पंप चालूच राहिला.

चार दिवसांनी ते माझ्याकडे आले. "कौसाबाईंच्या घरी चला. मला माफी मागायची आहे. एकट्यानं जाववत नाही."

आम्ही गेलो. दारात गाय बांधलेली, बरगड्या मोजता याव्यात अशी. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. कौसाबाईनं पोतं अंथरलं आणि आम्ही काही बोलायच्या आत घागर कलती केली, पार कलती, आणि तांब्या भरून वकीलसाहेबांच्या हातात दिला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नको म्हणावं, तर त्या दारातलं पाणी नाकारण्याचा आमच्या गावात एकच अर्थ होत होता. प्यावं, तर ते कुणाच्या वाट्याचं आहे ते समोर दिसत होतं. वकीलसाहेब प्यायले. सावकाश, एक थेंब अंगावर सांडू न देता, सगळं. घोट उतरताना त्यांचे डोळे मिटलेले होते.

"पाट्या कवा लागनार, साहेब?" कौसाबाईनं विचारलं. तिला वाटलं, आम्ही तेच सांगायला आलोय.

"लागतील," ते म्हणाले. माफीचा शब्द निघालाच नाही. हात जोडून ते बाहेर पडले.

पाट्या लागल्या. साबणाच्या, टायरच्या, बनियनच्या. गाय मुकाट चालायला लागली. मैदान दिसेनासं झालं, पण पंपाचा आवाज रस्त्यावर येत राहिला. वकीलसाहेबांनी त्या रस्त्यानं जाणं टाकलं. कोर्टात जायला त्यांना तोच रस्ता होता, म्हणून पुढं कोर्टही सुटलं. घर बंद करून ते नांदेडला लेकीकडे राहायला गेले.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. श्रावणात मी नांदेडला गेलो तेव्हा त्यांना भेटायला थांबलो. ते अंथरुणावर होते. माणूस चिपाडासारखा झाला होता. लेकीनं मोठ्यानं माझं नाव सांगितलं, तसं ओळखलं.

"पाऊस झाला का तिकडं?"

"झाला. चांगला झाला."

छताकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "रस्त्याच्या दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही बाजूंना," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. भादव्यात ते गेले.