तळहातावरची चव

"हात दे," त्या म्हणत. आपण हात पुढे केला की चमच्यातला थेंबभर रस्सा तळहाताच्या खळग्यात ठेवून त्या खिडकीकडे तोंड फिरवीत. आपलं चाखून होईपर्यंत मागे वळून पाहत नसत. "सांग. वाहवा नको, चव सांग."

तुमच्याही ओळखीत अशी एखादी सुगरण असेल, जिच्या घरी जेवायला जाणं म्हणजे परीक्षकाच्या खुर्चीत बसणं. या घरात मात्र परीक्षा पाहुण्याची होत असे.

नागपुरात पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आम्ही कित्येक वर्षं एका टेबलाशी काम केलं. त्या नमुने तपासत. मी मराठी साहित्यात एम.ए. करून तिथं नोंदी लिहायला लागले होते. काचेच्या नळीतली पातळी त्या वाचून सांगत, मग मला वाकून तीच पातळी पाहायला लावत. दोघींचं जुळलं तरच म्हणत, "लिही." घाईच्या दिवशी मी कुरकुरले, तर उत्तर ठरलेलं असे, "पहिल्यांदा माणूस आपल्या मनातलंच पाह्यते. दुसऱ्यांदा बाटलीतलं."

निवृत्त झाल्यावर त्या रायपूरला, बूढापाऱ्यातल्या आपल्या घरी परतल्या. मुलगा भनपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत, सून शाळेत शिक्षिका. सून छत्तीसगढी घरातली. मराठी तिला सगळं समजे, उत्तर ती हिंदीत देई; मुलगाही आता घरात हिंदीच बोले. स्वयंपाकघर मात्र या एकटीचं. दर पौषात मी आठ दिवस तिथं जाऊ लागले.

त्या आठ दिवसांची आठवण आजही आधी माझ्या नाकाला होते, मग मनाला. सकाळी तलावावरचं धुकं गल्लीत शिरलेलं असे आणि लोखंडी तव्यावर तांदळाचा धिरड्यासारखा चिला कडेकडेनं सुटू लागलेला. सोबत भाजलेल्या टोमॅटोची चटणी, तिच्यात कच्च्या लसणाचा ठसका. दुपारी तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, कोवळी भाजी आणि दुबराजचा भात. तो भात ताटात यायच्या कितीतरी आधी त्याचा गंध जिना चढून गच्चीवर, माझ्या उघड्या पुस्तकापर्यंत येऊन बसत असे. संध्याकाळी आम्ही पुरानी बस्तीतल्या देवळांपर्यंत पायी जात असू. वाटेत कुणी भेटलंच तर त्या माझी ओळख करून देत, "ही माही मैत्रीण. नागपूरहून खायाले आली."

मी कोथिंबीर निवडायला हात लावला, तर माझ्यासमोरचं ताट काढून घेत. "काहून हात लावून राहिली? आठ दिवस तुले एकच काम आहे."

"कोणतं, ताई?"

"भूक लागू देनं."

मग एक हिवाळा असा आला, की पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात गप्पा मारत बसलो होतो. त्यांची पाठ शेगडीकडे होती. दूध उतू गेलं, करपलं, धुराचा तिखट वास माझ्या डोळ्यांत उतरला; आणि त्या मटाराच्या शेंगा सोलत शांतपणे बोलत राहिल्या. मी उठून गॅस बंद केला. तेव्हा त्यांनी मागे पाहिलं आणि हातातली शेंग खाली ठेवली.

"साथीच्या तापात गेलं," त्या म्हणाल्या. "वास गेला, चव बी गेली. डॉक्टर म्हणत होता, येईल. दीड वर्ष झालं."

"घरात माहीत आहे?"

"नाही. अन् तू सांगू नको. पोट्टा चांगला आहे माहा, म्हणूनच भेव वाटते. त्याले समजलं, तर मले गॅसजवळ उभं राहू देनार नाही. अन् स्वयंपाकघर गेलं, का मी माह्याच घरात पाव्हणी झाली."

मग त्यांनी मला दाखवलं, दीड वर्ष कसं निभावलं ते. मोहरी त्या कानानं ओळखत. कांदा रंगानं, भात झाकणाच्या थरथरीनं, भाकरी बोटांच्या टोकांनी. मसाल्यांचे चमचे ठरलेले होते. "पन मिठाचं काय करू? घातलं तरी तसंच दिसते, नाही घातलं तरी तसंच. त्याले ना आवाज, ना रंग."

इतके महिने त्या सुनेच्या चेहऱ्यावर चव शोधत आल्या होत्या, आणि सून गुणी असल्यामुळे तो चेहरा नेहमी प्रसन्नच असे. म्हणून तो तळहात. घरातली माणसं शाळेला, कचेरीला गेली की मी एक सत्यवचनी जीभ होऊन स्वयंपाकघरात उभी राहत असे.

"हळद पुढे आली आहे, ताई."

"हव. हळद जास्त. लिही."

आणि आम्ही दोघी हसत असू. पुढच्या वर्षीही तसंच चाललं. एरवी फोनवर त्या मला चमचे मोजून सांगत, मी इकडे माझ्या कढईत तेच घालून पाहत असे.

त्या वर्षीचा माझा शेवटचा दिवस रविवार होता. पुरानी बस्तीतल्या एका जुन्या शेजारी कुटुंबाला त्यांनी जेवायला बोलावलं होतं. बेत पाटवडी-रश्शाचा. रस्सा उकळत असताना मध्येच कुणाचा तरी फोन आला. त्या बोलून परत आल्या, पाटवड्या सोडल्या, वर कोथिंबीर भुरभुरली. मग म्हणाल्या, "हात दे."

रश्शात मीठ नव्हतं. मुळीच नव्हतं.

त्या आठवड्यात मी तीनदा चूक दाखवली होती. तिसऱ्या वेळी खिडकीकडे वळलेली त्यांची मान किंचित खचलेली मी पाहिली होती. आता त्या नवी सुती साडी नेसून उभ्या होत्या आणि पदराच्या टोकाची बोटाभोवती गुंडाळी करत होत्या. मला वाटलं, त्या अंघोळीच्या खोलीत हात-तोंड धुवायला जातील, तेव्हा मी चमचाभर मीठ टाकून ढवळीन. कुणाला कळणारही नाही.

"छान झालंय," मी म्हणाले.

"छान?"

"अगदी छान."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्याच वेळी दाराची कडी वाजली. पाहुणे वेळेआधी आले होते. त्यांच्यातल्या बायका सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, आणि रस्सा तसाच वाढला गेला.

पानावर बसून अन्नाला नावं ठेवू नयेत, हे त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला लहानपणी शिकवलेलं होतं. पहिल्या घासानंतर मुलाचा हात थांबला. त्यानं मिठाची छोटी पितळी वाटी ओढून घेतली, चिमूटभर घेतलं आणि ती पुढे सरकवली. सुनेनं घेतलं. पाहुण्यांनी घेतलं. वाटी सगळ्या टेबलाभोवती फिरून माझ्यापर्यंत आली. गप्पा चालू होत्या, कुणी रश्शाची तारीफही केली. त्या हातात पळी घेऊन उभ्या होत्या आणि नजरेनं त्या वाटीबरोबर एकेका पानापर्यंत जाऊन आल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर मुलानं त्यांना खुर्चीवर बसवलं. स्वतः जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसला.

"आई, कब से ऐसा है?"

त्यांनी खरं सांगितलं. तो रागावला नाही. दोन्ही हातांत त्यांचे हात धरून म्हणाला, "गैस खुली रह जाती तो? अब तू आराम कर, बस." इतक्या मायेनं कुणाचं काही काढून घेतलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

स्टेशनवर त्या मला सोडायला आल्या. गाडी लागेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या तळहातावर खुरमीची, तिथल्या गोड शंकरपाळ्यांची, पुडी ठेवली. बाजारातून आणलेली होती.

"ताई, मला वाटलं होतं की मी मागाहून घालीन."

"समजलं मले." पुडीचा दोरा घट्ट करत म्हणाल्या, "पन तुनं एकदाच पाह्यलं. माहं बी चुकलं, मी एकदाच विचारलं."

त्यानंतर फोनवर त्या चमचे सांगेनाशा झाल्या. तलावात पाणी किती आहे, सुनेच्या शाळेला सुट्टी कधी, असं काही सांगत. स्वयंपाक सून करत होती. "मी बाजूले बसून राहतो म्हनावं तर पोट्टी बसूही देते," एवढंच एकदा म्हणाल्या. दिवाळीनंतर एका पहाटे झोपेतच त्या गेल्या.

पौषात मी रायपूरला गेले. न जाण्याचं धैर्य झालं नाही, असंही म्हणता येईल. गल्लीत धुकं होतं, स्कूटरी होत्या, सगळं जिथल्या तिथं होतं. दुपारी सून रस्सा करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. खिडकीपाशी बसायचा एक वेताचा मोडा ठेवलेला होता, रिकामा.

"मौसी, हाथ दीजिए," ती म्हणाली.

तळहाताच्या खळग्यात थेंबभर ऊब पडली. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी चाखलं, आणि माझ्या तोंडून जन्मभराची सवय आपोआप बोलून गेली, "छान झालंय."

ती वळली नाही.

"मम्मीजी बोलती थीं, मौसी पहली बार में अच्छा ही बोलेंगी. दूसरी बार पूछना."

तिनं न पाहताच चमचा मागे माझ्याकडे केला. मी पुन्हा हात पुढे धरला. पुन्हा चाखलं. रस्सा खमंग होता, फोडणी नेमकी होती, खसखस नीट वाटली गेली होती.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

"हव," ती म्हणाली, आणि ती पितळी वाटी माझ्या हातात दिली.